बागेतला निरोप घरातल्या सर्व्हरपर्यंत का पोचत नाही?

प्रश्न : ताई, सावळजला आमची द्राक्षबाग आहे. थोरल्या मुलानं मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर ईएसपी-32 या वायफायच्या छोट्या बोर्डाला जोडून बागेत बसवलाय. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन लिनक्स घालून मॉस्किटो हा निरोपांची देवाणघेवाण करणारा सर्व्हर चालू केलाय. त्याच कॉम्प्युटरवरून निरोप पाठवला तर लगेच दिसतो. पण बोर्डाचा काहीच येत नाही, आणि लॅपटॉपवरून बघितलं तर 'कनेक्शन रिफ्युज्ड' येतं. मुलाचा मित्र म्हणतो, 'अलाऊ अ‍ॅनॉनिमस ट्रू' लिहून टाका, काम होईल. लिहू का? पुढं मोटरीचा स्टार्टरही यावरच घ्यायचा आहे.
— एक बागायतदार, ता. तासगाव

उत्तर : दादा, लिहू नका. एक तर तेवढ्यानं तुमचं अडलेलं सुटणार नाही, आणि दुसरं म्हणजे मोटर यावर घ्यायची असेल तर बिनपासवर्डाचं कुणालाही आत घेणारी ती ओळ नकोच.

डिसेंबर 2020 मध्ये मॉस्किटोची 2.0 आवृत्ती आली, तेव्हापासून कॉन्फिग फाईलमध्ये 'लिसनर', म्हणजे कुठल्या पोर्टवर (दारावर) ऐकायचं ते सांगणारी ओळ, लिहिला नसेल तर सर्व्हर फक्त स्वतःच्या मशिनचंच ऐकतो. जुनी माहिती वाचून बसवणारे सगळे इथंच अडकतात. खात्री करायची तर सर्व्हरवर 'एसएस वजा टीएलएन' ही कमांड द्या आणि 1883 पोर्टची ओळ शोधा. तिथं 127.0.0.1:1883 दिसेल. म्हणजे बाहेरच्याला दार नाहीच. ते 0.0.0.0:1883 झालं पाहिजे.

त्यासाठी मॉस्किटोच्या 'कॉन्फ डॉट डी' फोल्डरमध्ये एक फाईल करा. नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' हवंच, नाहीतर सर्व्हर ती वाचतच नाही. आत तीन ओळी : 'लिसनर 1883', 'अलाऊ अ‍ॅनॉनिमस फॉल्स' आणि पासवर्ड फाईलचा पत्ता. पासवर्ड फाईल 'मॉस्किटो पासवड' या कमांडनं होते. पहिलं नाव घालताना 'वजा सी' लावा, दुसऱ्या नावाला अजिबात लावू नका. लावलंत तर आधीची फाईल पुसून नवीन होते. ती फाईल मॉस्किटो या युजरला वाचता आली पाहिजे, तेवढी परवानगी बघा. मग सर्व्हर रिस्टार्ट करा. सेन्सरला एक नाव, स्टार्टरला दुसरं, घरच्यांना तिसरं.

आता बोर्डाला हात लावण्याआधी लॅपटॉपवर 'मॉस्किटो-क्लायंट्स' हे पॅकेज घाला. स्पेलिंगमध्ये दोन 'टी' आहेत, एक लिहिला तर पॅकेज सापडणार नाही. 'मॉस्किटो सब' या निरोप ऐकणाऱ्या कमांडला सर्व्हरचा आयपी, युजर, पासवर्ड द्या, टॉपिक (निरोपाचा विषय) 'बाग/#', म्हणजे बागेचे सगळे निरोप, असा ठेवा आणि 'वजा व्ही' लावा. स्क्रीन गप्प बसेल, ते बरोबर आहे. दुसऱ्या खिडकीतून 'मॉस्किटो पब'नं 'बाग/ओलावा' या टॉपिकवर 42 पाठवा. पहिल्या खिडकीत टॉपिक आणि आकडा एका ओळीत उमटला की सर्व्हर ठीक. उमटला नाही तर 'वजा डी' लावून बघा, जोडणी कुठं तुटते ते दिसतं. 'रिफ्युज्ड' आलं तर त्या पत्त्यावर ऐकणारं कुणी नाही; 'नॉट ऑथराइज्ड' आलं तर सर्व्हर भेटला, पण नाव किंवा पासवर्ड चुकला. हे दोन्ही एकच समजून पोरं रात्र रात्र बोर्डात कोड भरत बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

मोटरीबद्दल मात्र मी जास्त बोलणार आहे. निरोपाला 'रिटेन' लावलं की सर्व्हर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि नवीन जोडणाऱ्याला लगेच देतो. ओलाव्याच्या आकड्याला हे छान. पण 'मोटर चालू' हा हुकूम रिटेन करून पाठवला आणि लाईट गेली, तर रात्री थ्री फेज आल्यावर स्टार्टरचा बोर्ड जोडला जाईल, त्याला तोच जुना 'चालू' मिळेल आणि मोटर सुरू होईल. घरात सगळे झोपलेले. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बागेत नको तेव्हा पाणी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. हुकमाला रिटेन कधीच नाही. आधीच गेला असेल तर त्याच टॉपिकवर 'वजा आर वजा एन' लावून रिकामा निरोप पाठवा, साठलेला पुसला जातो. क्यूओएस 1 (पोच मिळेपर्यंत निरोप पुन्हा पाठवणं) आणि कायमचं सेशन (जोडणी तुटली तरी सर्व्हरनं निरोप राखून ठेवणं) ठेवलं तरी थांबलेले हुकूम नंतर पोचतात. स्टार्टरसाठी तेही टाळा.

सेन्सरला 'लास्ट विल' जरूर द्या. बोर्डाकडून ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ काहीच आलं नाही तर सर्व्हर त्याच्या वतीनं 'बंद' असा निरोप सगळ्यांना देतो. नाहीतर कालचा 42 आजचा समजून तुम्ही ठिबक बंद ठेवाल.

जुना कॉम्प्युटर पुरेल का, ही शंका मनात असेल तर काढून टाका. मॉस्किटो ज्या पद्धतीनं निरोप देतो ती एमक्यूटीटी पद्धत 1999 मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवली. तिथं एकेक बाईट महाग, म्हणून निरोपाचं हेडर 2 बाईटांपासून सुरू होतं. तुमच्या एका बागेचा भार त्या मशिनला जाणवणारही नाही. गावातलं इंटरनेट गेलं तरी राउटर चालू असेपर्यंत घर आणि बाग बोलत राहतील.

फक्त राउटरमधून 1883 पोर्ट बाहेर उघडू नका, त्यावर पासवर्ड उघडाच जातो. तासगावच्या बाजारातून मोबाईलवर आकडा बघायचा असेल तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट) घाला, नाहीतर सर्टिफिकेट लावून 8883 हे कुलूपबंद पोर्ट वापरा. स्टार्टरला मॅन्युअल स्विच आणि ओव्हरलोड रिले आहे तसाच राहू द्या. वायरमनला तो काढू देऊ नका.