साउथ प्लेनफिल्डचं घर घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

घराचे फोटो पाहिले. ओटा ऐसपैस आहे, मागे अळू लावण्याजोगी जागा आहे, एडिसनची दुकानं जवळ. बोलता बोलता शेवटी तू हळूच म्हणालीस, "जवळ ती सुपरफंडची जागा आहे, पण एजंट म्हणाला साफ झालीय." मी तिथेच अडकले. सुपरफंडची म्हणजे विषारी कचऱ्याने इतकी दूषित जागा, की तिच्या सफाईसाठी अमेरिकी सरकारने ती खास यादीत घातलीय. घेऊ नकोस असं म्हणत नाहीये. मीही याच भागात पंचवीस वर्षं काढलीत, आणि न्यू जर्सीत अशा जागा टाळत बसलं तर राहायचं कुठे हा प्रश्नच आहे. त्यांची संख्या देशात सगळ्यात जास्त इथेच. पण 'साफ झाली' म्हणजे नेमकं काय साफ झालं, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

तिथे १९३६ ते १९६२ पर्यंत कॉर्नेल-डुबिलियरचा कपॅसिटरचा कारखाना होता. पीसीबी हे त्या कामातलं तेलकट रसायन. कारखाना गेला, तेल मातीत राहिलं. १९९८ साली ती जागा सुपरफंडच्या यादीत आली. त्याच सुमाराला आसपासच्या घरांची तपासणी झाली, तेव्हा पीसीबी अंगणाच्या मातीत तर सापडलंच, पण काही घरांत आतल्या धुळीतही निघालं. ईपीएने, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पर्यावरण खात्याने, ती घरं आतून स्वच्छ करून दिली, अंगणातली माती खणून नेली. पुढे कारखान्याच्या इमारती पाडल्या, तिथली माती तापवून शुद्ध केली. हे सगळं खरोखर झालंय, एजंट खोटं बोलत नाही. मात्र भूजलाबद्दलचा ईपीएचा २०१२ चा निर्णय वाच. खडकाच्या भेगांत मुरलेली रसायनं पूर्ण काढणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, म्हणून पाण्यावर आणि त्यातून उठणाऱ्या वाफांवर लक्ष ठेवायचं, असं त्यात ठरलं. माती निघाली, पाणी राहिलं.

आता त्या वाफांचं. टीसीई नावाचं एक द्रावक त्या कारखान्यात धातूवरचं वंगण काढायला वापरत. ते उडून जाणारं. जमिनीखालच्या पाण्यातून वाफ वर येते आणि बेसमेंटच्या फरशीच्या भेगांतून, पंपाच्या खड्ड्यातून घरात शिरते. वास येईलच असं नाही. हे तुला मुद्दाम सांगते, कारण बाळाचं हृदय दिवस राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच घडतं, आणि त्या काळात टीसीईचा थोड्या दिवसांचा संपर्कही ईपीए गंभीर धरते. तेव्हा घर बघायला गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: या घराखालच्या वाफेची तपासणी झाली होती का? झाली असेल तर कागद दाखवा. नसेल तर हिवाळ्यात करून घ्या. खिडक्या बंद, हीटर चालू, तेव्हा घर जमिनीतली हवा जास्त ओढतं.

उपाय फार अवघड नाही. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूसाठी करतात तोच. फरशीला भोक पाडून पाइप बसवायचा, पंख्याने खालची हवा ओढून छपरावर सोडायची. माझ्याकडे रेडॉनसाठी आहे. त्या पाइपवर एक यू आकाराची काचेसारखी नळी असते, आत रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वरखाली असेल तर पंखा ओढतोय. एका जानेवारीत लोणच्याची बरणी आणायला खाली गेले तर दोन्ही बाजू अगदी सारख्या. पंखा कधीचा बंद पडला होता देव जाणे. आता पहिल्या तारखेला हप्ते भरते तेव्हा नळीही बघते.

नळाला पाणी कंपनीचं असेल तर तिचा वार्षिक अहवाल मागव आणि त्यात शिसं आणि पीएफएएस (वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं) हे दोन रकाने बघ. घराला स्वतःची विहीर असेल तर विक्रीआधी तपासणी इथे कायद्यानेच करावी लागते. आणि तुझ्या सासूबाईंना समजावून सांग, पाणी उकळून जंतू मरतात, शिसं मरत नाही. उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं.

दाराशी चपला काढायची आपली सवय इथे लाखमोलाची आहे, ती पाहुण्यांसाठीही मोडू नकोस. कोरडा झाडू मात्र सोड. धूळ उडते आणि रांगत्या बाळाच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. ओल्या फडक्याने पूस. अळू, मेथी लावायचीच असेल तर लाकडी वाफे करून विकतची माती घाल. मुळा, गाजर थेट जमिनीत नको. बाउंड ब्रुक ओढ्याचा किंवा स्प्रिंग लेक तळ्याचा मासा कुणी प्रेमाने आणून दिला तरी खाऊ नका. तो खाऊ नये असं राज्यानेच सांगितलंय, आणि पीसीबी चरबीत साठतं, तळून जात नाही. (आपल्या मालवणी मंडळींना हे पटवणं सगळ्यात कठीण.)

एक गोष्ट कुंपणापलीकडची नाही, देवघरातली आहे. २०१७ साली रटगर्सच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतला आणि भारतातला सिंदूर तपासला, तर बऱ्याच नमुन्यांत शिसं अमेरिकी मर्यादेपेक्षा जास्त होतं. त्यामुळे करंडा उंच फळीवर ठेव, आणि बाळ वर्षाचं झालं की रक्तातल्या शिशाची चाचणी चुकवू नकोस, दोन वर्षांचं झालं की पुन्हा.

प्रत्येक जागेसाठी लोकांशी बोलायला ईपीएचा एक माणूस नेमलेला असतो. त्याला घराचा पत्ता देऊन ईमेल कर आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या फेरआढाव्याचा शेवटचा अहवाल माग. रविवारी दोघं या, येताना ते कागद आणा. नळी दाखवते, मग पिठलं-भाकरी करू.

मावशी