सही कोणाची होती, ते आधी विचार

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

घोटाळ्यात सापडलेल्या कंपनीतील एका उपाध्यक्षाचा अर्ज तुमच्या निवड समितीने ‘याला ठाऊक असणारच’ एवढ्यावर फेटाळला आणि तू गप्प राहिलास, हे वाचून राग आला. कोणत्या कागदावर त्याची सही होती, हे एकानेही विचारले नाही?

‘सत्यम’ या सॉफ्टवेअर कंपनीचे उदाहरण घे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांचे, हिशेब फुगवल्याचे कबुलीपत्र आले आणि लोकांच्या नजरेत तिथला प्रत्येक वरिष्ठ अधिकारी साथीदार ठरला. तपासात मात्र दिसले की, खोटी बिले विशेष लॉगिन वापरून संगणकप्रणालीत घुसवली होती आणि व्यवसाय विभागांच्या प्रमुखांना ती दिसू नयेत, अशी तजवीजही केली होती. ज्यांना आपण सामील समजत होतो, त्यांच्यापासूनच लपवण्याचा हा खटाटोप होता! २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १० जणांना दोषी ठरवले. त्यांत राजू बंधू, वित्तप्रमुख, दोन लेखापरीक्षक आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचा प्रमुख होता, तसाच वित्त विभागातला सहायक व्यवस्थापकही होता. हुद्दा पाहून ही यादी बनली नव्हती.

संचालकांना काही ठाऊक नव्हते, असे राजूंनी त्याच पत्रात लिहिले होते. पण आरोपीच्या प्रशस्तिपत्रालाही मी किंमत देत नाही. तिथेही सहीच पाहायची. २०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकाची, म्हणजे कंपनीच्या रोजच्या कारभारात नसलेल्या संचालकाची, जबाबदारी त्याला असलेली माहिती, त्याची संमती, संगनमत किंवा दक्षतेतील कसूर यांच्याशी जोडली आहे. कसूरही त्यात आहे, बरे का. डोळे मिटून सही करणाऱ्याची वकिली मी करत नाही.

अशाच एका प्रकरणानंतर मी एका अधिकाऱ्यासाठी समितीत भांडलो, विरोधी मत लेखी नोंदवले आणि हरलो; वर ‘याचेही काही गुंतले असेल’ ही कुजबुज पदरात पडली. त्याला पुढे त्याच्या तोलाचे काम मिळाले नाही, याची खंत आहे, भांडल्याची नाही. त्याची सही असलेला एकही संशयास्पद कागद कोणी दाखवू शकले नव्हते, मग मी माघार का घ्यायची होती?

तो अर्ज पुन्हा मागव. त्या वर्षांत तो कोणत्या विभागात होता, कशावर सह्या करत होता, शंका आली तेव्हा त्याने कोणाला लिहिले, हे त्याला समोर बसवून विचार. उत्तरे डळमळीत निघाली तर खुशाल नकार दे, पण कारण लिहून दे आणि खाली स्वतःची सही कर.

तुझा,
काका