'विश्वासात वाढत जा, स्थिर राहा' : हे मराठी आहे का?

प्रश्न असा आहे : "मैत्रिणीच्या मुलाला त्याच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, बायबल भेट दिलं. पहिल्या पानावर पाळकांनी लिहिलं आहे, 'विश्वासात वाढत जा, स्थिर राहा.' मराठीत विश्वास वाढतो. माणूस विश्वासात कसा वाढेल? हे इंग्रजीवरून उचललेलं मराठी नाही का? शिवाय वाढायचंही आणि स्थिरही राहायचं, हे एका दमात कसं जमावं?"

हे मराठीच आहे, आणि चांगलं मराठी आहे. ख्रिस्ती मराठीत ते पवित्र शास्त्राच्या भाषांतरातून आलं हे खरं, पण त्याचं मूळ इंग्रजीत नसून नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, ग्रीकमध्ये आहे. ते इथे रुजलं, कारण ते बसायला मराठीत जागा तयार होती.

ती जागा म्हणजे सप्तमीचा '-त'. 'लाडात वाढली', 'गरिबीत वाढला', 'माणसांत वाढलेलं पोर' असं आपण रोज म्हणतो. लाड वाढले असं त्यात आपल्याला म्हणायचं नसतं. वाढणारं माणूस असतं, आणि लाड किंवा गरिबी ही त्याच्या भोवतीची हवा असते. 'विश्वास वाढला' म्हटलं की विश्वास ही माझ्याजवळची चीज ठरते, आज थोडी, उद्या जास्त. 'विश्वासात वाढलो' म्हटलं की विश्वास मला धरून असलेलं ठिकाण होतो आणि वाढतो तो मी. ख्रिस्ती शिकवणीला नेमकं हे दुसरं म्हणायचं असतं. ख्रिस्ती पत्रांत 'ख्रिस्तात आपला', 'प्रभूमध्ये प्रिय' असं लिहितात, त्यातही हीच सप्तमी आहे. नव्या करारात पौल या प्रेषिताची पत्रं आहेत, त्यांत 'ख्रिस्तामध्ये' हा प्रयोग पानोपानी येतो. ग्रीकमध्ये तिथे 'एन' हे अव्यय असतं आणि मराठीत त्याला '-त', 'मध्ये' किंवा 'ठायी' लागतं. मला यांतला 'ठायी' सर्वांत आवडतो, पण तो आता बोलण्यातून गेला आहे.

भाषांतरकारांनी हा प्रत्यय डोळे मिटून लावलेला नाही. लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, बारा वर्षांचा येशू मंदिरातून नासरेथला परततो. त्यानंतरचं वाक्य आपल्या प्रचलित बायबलमध्ये असं आहे : "येशू ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला." ज्ञानाने, शरीराने, पण कृपेत. ग्रीकमध्ये हे तिन्ही शब्द एकाच विभक्तीत आहेत. मराठीनं मात्र तिथे दोन वाटा केल्या. ज्ञान आणि शरीर मुलाचं स्वतःचं, त्यांनी तो वाढतो, म्हणून तृतीया. कृपा दुसऱ्याची असते, ती वरून येते, मूल तिच्यात वाढतं, म्हणून सप्तमी. हे ज्यानं केलं त्याला मराठीचा कान होता. तिकडे येशूचा शिष्य पेत्र याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी "कृपेत व ज्ञानात वाढत जा" आहे. तिथे ज्ञानालाही '-त' लागला आहे, कारण ते शाळेतलं ज्ञान नाही, ख्रिस्ताची ओळख आहे. तुमच्या मैत्रिणीकडच्या पाळकांच्या मनात बहुधा हेच वचन असणार. त्याकडे पुन्हा येतो.

मंडळीतल्या बोलण्यात हा '-त' किती मुरला आहे ते बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. 'ती लग्नानंतर विश्वासात आली', 'त्यांचं सगळं घर विश्वासात आहे', 'मधे तो विश्वासात मागे पडला होता' ही घरगुती प्रार्थनासभेतली साधी वाक्यं आहेत. इतर मराठीत 'विश्वासात' म्हटलं की पुढे 'घेणे' येतं, कर्मचाऱ्यांना विश्वासात घेतलं वगैरे. तिथे विश्वास दोन माणसांमधला असतो आणि इथे तो राहण्याचा मुक्काम असतो. याच शब्दापासून मंडळीनं 'विश्वासी' हे नामही पाडलं : विश्वास धरणारा तो विश्वासी, विश्वास ठेवण्याजोगा तो विश्वासू. दोन वेगळे शब्द हाताशी असणं ही मोठी सोय आहे, कारण ग्रीकमध्ये 'पिस्तोस' हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी येतो. नामाचंही तसंच. 'पिस्तिस' म्हणजे विश्वास आणि विश्वासूपणासुद्धा. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची गुणमाला आहे, तिथे मराठीत 'विश्वासूपणा' आहे, आणि मूळ शब्द 'पिस्तिस'च आहे.

यातून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येतं, कारण विश्वास आणि स्थैर्य यांची गाठ याहून जुनी आहे. जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागाच्या, हिब्रूत विश्वासाला जवळचा शब्द 'एमुना'. प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात तो 'आमेन' त्याच धातूचा. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अमालेकी लोकांशी लढाई चालू आहे. इस्राएलाचा पुढारी मोशे, त्याचे हात वर असेपर्यंत इस्राएलाची सरशी होते, हात खाली आले की शत्रूची. हात भरून येतात, तेव्हा त्याच्या खाली धोंडा सरकवून त्याला बसवतात, आणि अहरोन व हूर दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले असं आपण वाचतो. तिथे हिब्रूत 'एमुना' आहे. पुढे ज्या शब्दानं देवावरचा भरवसा सांगितला जातो, त्या शब्दानं इथे एका थकलेल्या म्हाताऱ्याचे न ढळलेले हात सांगितले आहेत, तेही दुसऱ्या दोघांनी धरलेले. 'विश्वासात स्थिर राहा' यातले दोन शब्द हिब्रू कानाला जवळजवळ एकच आहेत.

आता 'स्थिर'. हा शब्द तुम्हाला 'वाढत जा'च्या विरुद्ध वाटला, यात तुमचा दोष नाही. रुग्णालयाच्या निवेदनात 'प्रकृती स्थिर' आणि बाजाराच्या बातमीत 'भाव स्थिर' वाचून वाचून स्थिर म्हणजे जैसे थे, असा अर्थ आपल्या मनात बसला आहे. शास्त्रातला 'स्थिर' तसा नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:५८) "स्थिर व अढळ" अशी जोडी आहे आणि त्याच वाक्यात पुढे प्रभूच्या कामात अधिकाधिक तत्पर असण्याचा आग्रह आहे. इथल्या 'स्थिर'मागचा ग्रीक शब्द 'हेद्राइओस', 'हेद्रा' म्हणजे आसन यावरून आलेला. बैठक पक्की असलेला, असा त्याचा भाव. गाणाऱ्याची बैठक पक्की आहे म्हणतो तेव्हा त्याचं गाणं थांबलंय असं आपल्याला म्हणायचं नसतं. 'अढळ' तर आपल्याकडे लहान मुलालाही ध्रुवामुळे माहीत असतो. ढळतं काय काय, ते पाहा : तोल, पदर, दिवस, निष्ठा. ढळणं म्हणजे आपल्या जागेवरून हळूच सरकणं. पडणं नंतर येतं.

वाढ आणि स्थैर्य एकाच वाक्यात कसे बसतात ते कलस्सैकरांस पत्रात (२:७) सर्वांत स्पष्ट दिसतं. मराठी शब्द असे आहेत : "त्याच्यामध्ये मुळावलेले, रचले जात असलेले", आणि पुढे विश्वासात "दृढ होत असलेले". 'मुळावणे' हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं. सुखावणे, स्थिरावणे, फोफावणे यांच्या पंगतीतलं, मूळ या नामावरून सरळ केलेलं. रूपंही बघा. मुळावलेले : झालेलं, पुरं झालेलं. रचले जात असलेले : चालू असलेलं. ग्रीकमध्ये अगदी हाच भेद आहे. मुळं धरल्याचं रूप पूर्ण झालेल्या क्रियेचं आणि रचण्याचं चालू क्रियेचं. भाषांतरकारानं 'जात असलेले' हे लांबट रूप हौसेनं घेतलेलं नाही. मूळ एकदा धरलं गेलं आहे आणि वरचं काम रोज चालू आहे, हे त्याला सांगायचं होतं. मूळ जागेवर राहतं म्हणून तर वरची वाढ होते. इथे विरोध उरत नाही. कॅथलिक मराठीत 'दृढीकरण' संस्कार म्हणतात, तोही याच 'दृढ'चा.

पुन्हा पाळकांच्या वाक्याकडे. त्यांनी 'वाढा' लिहिलेलं नाही, 'वाढत जा' लिहिलं आहे, आणि 'स्थिर व्हा' नाही, 'स्थिर राहा'. एका बाजूला 'जाणे', दुसऱ्या बाजूला 'राहणे'. सहायक क्रियापदांचं हे काम मराठीला सहज जमतं. पेत्राच्या पत्रातलं ग्रीक आज्ञार्थी रूपही सततचं आहे, एकदा वाढून मोकळं होण्याचं नाही. 'वाढत जा'नं ते पुरेपूर उतरतं. आणि 'राहणे' तर योहानाच्या पंधराव्या अध्यायाचं मुख्य क्रियापद आहे, द्राक्षवेल आणि फाट्यांचा दाखला आहे तिथलं : माझ्यामध्ये राहा. ग्रीक 'मेनो'. या 'मेनो'ला 'खाली' या अर्थाचा उपसर्ग लागून 'हुपोमोने' हे नाम होतं, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. मराठीत त्याला बहुतेक ठिकाणी 'धीर' घातलं आहे, उदाहरणार्थ रोमकरांस पत्रात "संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा". वाक्य सुरेख आहे, तोंडात बसलेलं आहे, ते बदला असं मी म्हणणार नाही. पण आजच्या बोलीत 'धीर धर' म्हणजे थोडं थांब, आणि 'धीर दिला' म्हणजे सांत्वन केलं. ओझं खांद्यावर असताना जागा न सोडणं हा अर्थ 'टिकून राहणे' जास्त नीट देतं, आणि मुळातलं 'राहणे' त्यात शाबूत राहतं.

पेत्राच्या पत्राकडे परत येतो म्हटलं होतं. 'वाढत जा'च्या लगेच आधीचं वचन आपल्या स्थिरतेतून ढळू नका म्हणून बजावतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीकडचे दोन्ही तुकडे त्या पत्राच्या शेवटच्या दोन वचनांत शेजारी शेजारी आहेत. पत्र पेत्राच्या नावानं आहे, हे लक्षात ठेवून लूकचा बाविसावा अध्याय उघडा. अटकेच्या रात्री येशू पेत्राला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी पेत्र तीनदा त्याची ओळख नाकारतो. लूकमधलं 'स्थिर कर' आणि पत्रातली 'स्थिरता' हे ग्रीकमध्ये एकाच धातूचे शब्द आहेत. स्थिर राहा, हे सांगणारा स्वतः ढळलेला आणि परत वळलेला माणूस आहे, असं ख्रिस्ती परंपरा त्या वाक्यात ऐकते. मराठी भाषांतरात 'ढळणे' आणि 'स्थिर' दोन्हीकडे ठेवल्यानं हा धागा मराठी वाचकालाही हाती लागतो.

एक-दोन जोडगोष्टी. मराठी कॅथलिकांत 'विश्वास'पेक्षा 'श्रद्धा' जास्त ऐकू येते, आणि गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत 'भावार्थ' म्हणतात, आपल्या 'भाव तिथे देव'मधला भाव. तिन्ही शब्द खरे आहेत, तिन्हींना '-त' लागतो. बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम केरीच्या देखरेखीखाली १८११ मध्ये छापलेल्या मराठी नव्या करारापासून पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या भाषांतरापर्यंत (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पुरं छापून निघालं) या शब्दांची निवड अनेक हातांनी झाली आहे. एका समितीनं एका बैठकीत पाडलेले हे शब्द नव्हेत.

तुम्हीही त्या मुलाला काही लिहून देणार असाल तर 'तुझी आध्यात्मिक प्रगती होवो' असं लिहू नका. चूक नाही ते, पण मंडळीत त्याला 'आत्मिक वाढ' म्हणतात आणि त्यातला 'आत्मिक' हा पवित्र आत्म्यावरून आलेला आहे, अध्यात्मावरून नाही. ती वाढ देणारा दुसरा असतो, एवढा अर्थ त्या शब्दात धरलेला आहे. पाळकांचं वाक्यच घ्या. फार तर दोन तुकडे जोडा : 'विश्वासात स्थिर राहून वाढत जा.'