दुपारी दोनची यादी

मागच्या अंकात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतल्या माझ्या बूथबद्दल थोडं लिहिलं होतं. तेव्हापासून तुमची पत्रं येताहेत, त्यातल्या पाचांना इथे उत्तरं देते. कोल्हापूरच्या एका पेठेत १९९५ पासून मी एकाच पक्षासाठी बूथ सांभाळते. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण बूथवरचं काम सगळ्याच पक्षांचं सारखं असतं.

ताई, मी तेवीस वर्षांची आहे. नोव्हेंबरात पहिल्यांदाच एका उमेदवारासाठी काम केलं. सोसायट्यांचे सहा व्हॉट्सॲप ग्रुप केले, रोज रील टाकली, सगळे अंगठे दाखवायचे. मतदानाला मात्र आमच्या बूथवर निम्मी माणसंही आली नाहीत. कुठे चुकलं? – एक वाचक, पुणे

बाळा, अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ एवढाच असतो. ‘येतो’ हे माणूस दारात उभा राहून, तुझ्या तोंडाकडे बघून म्हणतो, आणि तेही दुसऱ्यांदा विचारल्यावर.

तुझी मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण तू सुरुवात ग्रुपपासून केलीस, आम्ही यादीपासून करतो. मतदार यादीच्या एका पानावर तीस नावं असतात आणि एका बूथला हजार-बाराशे. ती छापील यादी घेऊन मी दसऱ्याच्या आधीच घरोघरी जाते. सोबत दोन पेनं, निळं आणि लाल. माणूस घरात राहतो, त्याला निळी खूण. वारले, बदली झाली, मुलगी सासरी गेली, भाडेकरू खोली सोडून गेला, त्यांना लाल. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत आलं की कळतं, आपण ज्यांना ‘न येणारे’ म्हणतो त्यातले कितीतरी तिथे राहतच नाहीत.

म्हणून शहरातली माणसं आळशी असतात हे मला पटत नाही. २०२४ ला आमच्या शेजारच्या करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि मुंबईत कुलाब्याला ४४ टक्क्यांच्या आसपास. करवीरच्या गावांत यादीतलं नाव आणि घरातला माणूस यांची गाठ अजून घट्ट आहे. कुलाब्यात, तुमच्या पुण्यात, माणूस तीन वर्षांत दोनदा घर बदलतो आणि नाव पहिल्याच पत्त्यावर राहतं. ते हलवायला फॉर्म ८ लागतो, नवीन नावाला फॉर्म ६. दोन्ही कामं निवडणूक जाहीर व्हायच्या आधीची. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा वर्षातल्या चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांना नाव नोंदवता येतं. कॉलेजातल्या पोरांना हे सांगायला तुझ्याइतकं योग्य कोण आहे?

सगळ्यात जास्त नावं सुटतात नव्या सुनांची. आमच्या मागच्या गल्लीत एक सून, लग्नाला चार वर्षं झालेली. नाव अजून माहेरी, निपाणीला. म्हणजे कर्नाटकात! दर निवडणुकीला ती सासूबरोबर बूथपर्यंत यायची आणि बाहेर थांबायची. कुणीच तिला विचारलं नव्हतं. २०२४ च्या जुलैत तिचा फॉर्म भरला. २० नोव्हेंबरला बोटाची शाई सुकायच्या आत तिनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

आता मतदानाच्या दिवसाचं. वेळ फार थोडा असतो. या वेळी ३ नोव्हेंबरला भाऊबीज, ४ ला अर्ज माघारीचा शेवटचा दिवस, १८ ला संध्याकाळी ६ ला प्रचार बंद. लढत स्पष्ट झाल्यावर हातात दोन आठवडे. तेवढ्यात मी प्रत्येक निळ्या खुणेच्या घरी दोनदा जाते. दुसऱ्या फेरीत ‘मतदान करा हं’ म्हणत नाही, ‘किती वाजता निघणार?’ विचारते. ‘बघू’ म्हणाले की परत विचारते. ‘नाश्ता करून, दहाला’ असं तोंडून आलं की नावापुढे दहा लिहिते. वेळ वदवून घेतलेला माणूस बहुतेक वेळा येतोच.

आमचं टेबल या वेळी केंद्रापासून दोनशे मीटर लांब होतं, २०२४ चा नियमच तसा होता. केंद्रात बसलेल्या पक्षाच्या प्रतिनिधीला, म्हणजे एजंटाला, त्याची यादी बाहेर आणता येत नाही. म्हणून आमच्याकडून यादीतल्या क्रमांकाची चिठ्ठी नेणाऱ्याच्या नावावर आम्ही टेबलावरच काट मारतो. दुपारी दोनला मी यादी हातात घेते आणि न कापलेली नावं वेगळ्या कागदावर उतरवते. ही दोनची यादी म्हणजे माझी खरी निवडणूक. त्यात स्वयंपाक उरकून पाठ टेकलेल्या बायका असतात, शिरोली एमआयडीसीतून पहिली पाळी करून तीनला सुटणारी पोरं असतात, गुडघे धरलेली म्हातारी माणसं असतात. प्रत्येकाच्या दारात त्याच्या ओळखीचं माणूस पाठवायचं. अनोळखी कार्यकर्त्याला ‘येतो’ म्हणून दार लावून घेता येतं. ज्या बाईनं तुमच्या बाळंतपणात डबा पोचवला, तिच्यासमोर ते जमत नाही.

मालेगाव मध्यला या वेळी १६२ मतांनी निकाल लागला, साकोलीत २०८ नी. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये ४८ मतांनी. एका बूथच्या दोनच्या यादीवर यापेक्षा जास्त नावं असतात.

२० तारखेला संध्याकाळी पाचला टीव्हीवर ५८ टक्के सांगितलं, मग ते ६६ झालं. एवढी मतं आली कुठून? आमच्या कट्ट्यावर रोज हाच विषय. – एक वाचक, ठाणे

पाचचा आकडा ५८.२२ होता, अंतिम ६६.०५. विरोधी पक्षांनी यावर प्रश्न उभे केले, आयोगानं खुलासा दिला, आणि वाद पुढेही चालला. मी बूथवर काय होतं तेवढं सांगते.

त्या दिवशी दिवसभर येणारे आकडे कच्चे होते, दर दोन तासांनी केंद्रांकडून विचारून गोळा केलेले. मतदान सहापर्यंत चालतं. सहाला जे रांगेत असतील त्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागाहून आलेला मध्ये घुसू नये. त्या सगळ्यांचं मत होईपर्यंत मशीन बंद होत नाही. माझ्या बूथवर त्या दिवशी शेवटचं मत सातच्या पुढे पडलं.

पण संशयाचं उत्तर माझ्या या आठवणीत नाही, एका कागदात आहे. मशीन बंद केल्यावर केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतात. एकूण किती मतं पडली ते त्यात लिहिलेलं असतं, आणि हजर असलेल्या प्रत्येक पक्षाच्या एजंटाला त्याची सही केलेली प्रत मिळते. मोजणीला त्या मशीनचा आकडा याच कागदाशी ताडून बघायचा. तुमच्या कट्ट्यावर ज्यांचा कार्यकर्ता असेल, त्याला एवढंच विचारा: तुझ्या बूथचा १७-सी दाखव. दिवसभर उपाशी बसलेला एजंट साडेसहाला घरी निघून जातो, हे मी सगळ्या पक्षांत पाहिलंय. मला त्याचा राग येतो. ज्या कागदासाठी त्याला आत बसवलं, तोच त्यानं घेतलेला नसतो. आमच्या पोरांना मी डबा आतच पोचवते आणि बजावते, कागद हातात आल्याशिवाय उठायचं नाही.

आई ८८ वर्षांची, अंथरुणावर आहे. घरून मतदान होतं म्हणे, पण आमच्याकडे कुणी आलंच नाही. – एक वाचक, चिपळूण

आपोआप कुणी येत नाही. २०२४ च्या नियमाप्रमाणे ८५ च्या वरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना ही सोय होती. त्यासाठी फॉर्म १२-डी भरून निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. फॉर्म बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारे सरकारी कर्मचारी, घरी आणून देतात, पण त्यांच्याकडेही हजारावर नावं असतात, म्हणून तुम्हीच आठवण करा. मग मतदानाच्या आधीच्या दिवसांत पथक घरी येतं, आडोसा लावून मत घेतं. एकदा हा फॉर्म दिला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

वस्तीत गेलं की तोंडावर विचारतात, ‘घरटी किती देणार?’ समोरचे देतात. आम्ही दिले नाहीत तर माणसं बाहेरच पडत नाहीत. काय करावं? – एक कार्यकर्ता, सोलापूर जिल्हा

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही खरं लिहिलंत याचं मला फार बरं वाटलं.

कायद्यानं देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो टाकला तर शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी व्यवस्था आहे. पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही, हे मला कळतं.

२००९ साली आमच्याच नदीकाठच्या वस्तीत एका बाईनं मला असंच विचारलं होतं. मी तेव्हा चिडले. ती म्हणाली, ‘ताई, तुमी पाच वर्सांत एकदा येता. पुराचं पाणी घरात आलं तवा कुठं हुता?’ मला बोलता आलं नाही. आम्ही २००५ च्या पुरात खरंच त्या वस्तीत गेलो नव्हतो, आमच्या गल्लीतच होतो. ती पैसे मागत होती हे खरं, पण आमच्याकडून पाच वर्षांत दुसरं काहीच मिळणार नाही हा तिचा हिशेबही खरा होता.

त्यानंतर आम्ही त्या वस्तीत दर महिन्याला एक दिवस टेबल टाकायला लागलो. रेशनकार्डात नाव घालणं, संजय गांधी निराधार योजनेचे कागद, शाळेचे दाखले. २०१९ च्या पुरात पहिल्या रात्री तिथे होतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला रांगा लागल्या. ती योजना बायकांसाठी की मतांसाठी, यावर तुम्ही-मी भांडू शकतो. पण त्या महिन्यात राज्यभर ज्या कार्यकर्त्या टेबलं टाकून बसल्या, त्यांना घराघरातल्या बायका नावानिशी कळल्या. २०१९ ला बायकांचं मतदान ५९ टक्क्यांच्या आसपास होतं, या वेळी ६५ वर गेलं, पुरुषांच्या अगदी जवळ. योजनेचे पैसे हे एक कारण असेल, ही नव्यानं झालेली ओळख दुसरं.

त्या वस्तीत आता कुणीच पैसे घेत नाही असं मी म्हणणार नाही. काही घेतात. पण आम्हाला मागत नाहीत, आणि दुपारी बोलवायला गेलं की चप्पल घालून निघतात. तुम्हाला सुरुवात या निवडणुकीत करून उपयोग नाही, वेळ गेली. पुढच्या महिन्यात करा. गटार, दिवा, दाखला, काहीही एक काम धरा आणि तडीस न्या.

आमच्या तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. यंदा मतदान आणि हंगाम एकाच महिन्यात आले. काही टोळ्या आधीच कर्नाटकात गेल्या. त्यांना मतदानाला कसं आणायचं? – एक शिक्षक, बीड जिल्हा

सर, आधी काय करू नका ते सांगते. उमेदवाराच्या खर्चानं गाडी पाठवून मतदार आणणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचार आहे, त्यावर निवडून आलेल्याची निवड रद्द होऊ शकते. हौसेनं कुणी करत असेल तर थांबवा.

मतदानाची पगारी सुट्टी रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. पण फडावरच्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, ती कोण देणार? टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, एक दिवस खाडा म्हणजे तेवढे टन कमी, आणि जायला-यायला दोन दिवस. परगावाहून आपल्या मतदारसंघाचं मत देता येईल असं यंत्र दाखवायला आयोगानं २०२३ च्या जानेवारीत पक्षांना बोलावलं होतं. पक्षांचं एकमत झालं नाही, आणि ते तिथेच राहिलं. माझ्या पक्षानंही त्यासाठी पुढे जोर लावला नाही, याचं मला वाईट वाटतं.

डिसेंबरात आमच्याकडे कारखान्याच्या वाटेवर तुमच्या भागातली एक टोळी उतरली होती. एका बाईशी बोलले. तिनं पालातली पेटी उघडली, खालच्या साडीच्या घडीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओळखपत्र काढलं. कोपरा जरासुद्धा दुमडलेला नव्हता. ‘लोकसभेला टाकलं मत,’ म्हणाली. लोकसभा उन्हाळ्यात होती, तेव्हा ती गावी होती. या वेळी टोळी निघाली त्या दिवशी मतदान कधी आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. निघायचा दिवस मुकादमानं ठरवला.

म्हणून सर, तुम्ही गाठायचा माणूस मुकादम आहे. टोळी उचल घेते तेव्हा त्याच्याशी बोला, मतदानाचा अंदाज द्या, दोन-चार दिवस पुढे-मागे करता येतात का बघा. आमच्याकडच्या काही मुकादमांनी या वेळी आपणहून मतदान करून टोळ्या आणल्या, म्हणजे जमतं. ट्रॅक्टर भरायच्या दिवशी प्रत्येक कोयत्याचा मोबाइल नंबर, कारखान्याचं नाव आणि गावात मागे कोण राहिलं, एवढं वहीत लिहून घ्या. आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विसरू नका. सगळे प्रचारवाले निम्मी घरं बंद बघून तांडा सोडून जातात, आणि उरलेल्या घरांत नातवंडं सांभाळत बसलेली आजी कुणी विचारायला येईल म्हणून दिवसभर वाट बघते.