वृत्तपत्राला जीएसटी माफ असेल तर साप्ताहिकाच्या दिवाळी अंकाला, जाहिरातींना आणि दिनदर्शिकेलाही माफी मिळते का?

तालुक्याच्या गावातून साप्ताहिक काढणार असल्याचे आपण लिहिले आहे आणि अंकावर कर नसेल तर नोंदणी कशाला करायची, असे विचारले आहे. हाच प्रश्न आमच्या घरात दोन वर्षे धुमसत होता, म्हणून सविस्तर लिहितो. माफी फक्त अंकाच्या विक्रीला आहे. जाहिरातीची जागा विकली की तिच्यावर पाच टक्के कर लागतो, मग ती जागा चार ओळींच्या शुभेच्छांची का असेना.

आमचे साप्ताहिक परभणी जिल्ह्यातले. वडिलांनी ते उभे केले, छापखाना मी पाहतो आणि हिशेब दाजींकडे असतो. छापखान्याच्या कामामुळे जीएसटीची नोंदणी आमच्याकडे पहिल्यापासूनच होती. २०१८ च्या दिवाळीत आम्ही मोठा विशेषांक काढला. मोंढ्यातल्या आडत दुकानांपासून कापड दुकानांपर्यंत फिरून मी स्वतः दोन लाख चाळीस हजारांच्या जाहिराती आणल्या. त्याच्या जोडीला आमच्याच नावाची दिनदर्शिका छापली आणि पंचवीस रुपयांना एक याप्रमाणे तिच्या दीड हजार प्रती विकल्या. विवरणपत्र भरताना मी दाजींना म्हणालो, की हे दोन्ही आकडे करपात्र रकान्यात गेले पाहिजेत. दाजींचे उत्तर होते, "छापलेलं ते सगळं माफ, तुम्ही छपाईकडं बघा." दिनदर्शिकेच्या पाठीमागे पंचांगाची माहिती, मनमाड–काचीगुडा मार्गावरच्या गाड्यांच्या वेळा आणि पेरणीचे वेळापत्रक होते, म्हणून तेही वाचनसाहित्यच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वडिलांनी दाजींची बाजू घेतली आणि मी गप्प बसलो.

डिसेंबर २०२० मध्ये नोटीस आली. जाहिरातींवर पाच टक्क्यांनी बारा हजार, दिनदर्शिकेवर तेव्हाच्या बारा टक्क्यांनी साडेचार हजार आणि त्यावर वर्षाला अठरा टक्के व्याज, असे मिळून जवळपास पावणेतेवीस हजार रुपये आम्ही जानेवारीत भरले. तीस दिवसांच्या आत भरल्यामुळे दंड टळला एवढेच. ही रक्कम जाहिरातदारांकडून वसूल करायला हवी होती. दोन वर्षांनी कोणत्या तोंडाने मागायची?

दाजींची समजूत आली कुठून, हे मला नंतर कळले आणि त्यांच्या बाजूने तेवढे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. राज्यघटनेतील राज्य सूचीच्या ५४ व्या नोंदीत विक्रीकराचा अधिकार देताना वृत्तपत्रे स्पष्टपणे वगळलेली होती, त्यामुळे विक्रीकराच्या आणि नंतर व्हॅटच्या काळात राज्याला वृत्तपत्राच्या विक्रीवर कर लावताच येत नव्हता. छापील माध्यमातील जाहिरातीच्या जागेवर सेवाकरही नव्हता. म्हणजे ३० जून २०१७ पर्यंत साप्ताहिकाचा मालक दोन्ही बाजूंनी मोकळा होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने ती व्यवस्था संपवली आणि १ जुलै २०१७ पासून वृत्तपत्राची सूट ही घटनेतील तरतूद न राहता दरपत्रकातील एक ओळ झाली. दरपत्रकात प्रत्येक वस्तूला शीर्षक म्हणून एक क्रमांक असतो: ४९०२ खाली वृत्तपत्रे व नियतकालिके, ४९०१ खाली छापील पुस्तके, दोन्हींवर शून्य दर आहे. दिवाळी अंक यांपैकी कशातही धरला तरी विक्रीवर कर नाही. दिनदर्शिकेला मात्र ४९१० हे स्वतंत्र शीर्षक आहे, तिथे पाठीमागच्या मजकुराला काही किंमत नाही. दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका यांचा दर १ ऑक्टोबर २०२१ पासून बाराचा अठरा टक्के झाला.

छापखाना असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणी लेखक स्वतःचे हस्तलिखित आणून आपल्याकडून पुस्तक छापून घेतो तेव्हा आपण पुस्तक विकत नाही, मुद्रणाची सेवा देतो आणि ती सेवा करपात्र आहे. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात हे स्वच्छ लिहिले आहे. लेखकाने पुढे तेच पुस्तक विकले तर त्यावर कर नाही. आमच्याकडे दर महिन्याला एखादा कवी यावरून रागावून जातो.

आता नोंदणीविषयी. केवळ अंक विकणार असाल तर नोंदणीची गरज नाही. जाहिराती घेणार असाल, आणि त्यांच्याशिवाय साप्ताहिक चालत नाही, तर ज्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी करावी लागते ती वीस लाखांची मर्यादा मोजताना माफ असलेली अंकविक्रीसुद्धा एकूण उलाढालीत धरली जाते. हे बहुतेकांना ठाऊक नसते. शिवाय माफी म्हणजे निव्वळ फायदा, हाही गैरसमज आहे. कागदावर आणि शाईवर भरलेल्या करापैकी अंकविक्रीच्या वाट्याला येणारा कर परत मिळत नाही. जाहिरातींच्या प्रमाणातच त्याचे क्रेडिट, म्हणजे आपल्या देय करातून वजावट, घेता येते.

एक राहिलेच. हे सर्व छापील अंकापुरते आहे; ई-पेपरची वर्गणी घेणार असाल तर ही माफी तिला लागू नाही. दरही बदलत असतात, म्हणून ज्या तारखेचे बिल त्या तारखेचा दर पाहावा.

आमच्याकडे २०२१ पासून दोन स्वतंत्र बिलबुके आहेत. अंकासाठी बिल ऑफ सप्लाय, म्हणजे कर न लावलेले बिल, आणि जाहिरातींसाठी टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे कर लावलेले बिल. हिशेब अजूनही दाजीच लिहितात, पण जाहिरातीचे बिल मी सही केल्याशिवाय बाहेर जात नाही. आपल्या घरात हिशेब कोणीही लिहीत असो, जाहिरात जो आणतो त्यानेच बिल फाडावे.