घाटात साखळी का पडते?

प्रश्न : संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर कोंढव्यातून बोपदेव घाट चढून परत येतो. सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते २८ दात्यांच्या चकत्या आहेत. उभ्या चढाला पायडल मारणं जड जातं, दुसऱ्या दिवशी गुडघे धरतात. ऐन चढावर पुढचा गिअर उतरवला की साखळी आत पडते. उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. काय चुकतंय? – एक वाचक, पुणे

उत्तर : गुडघ्यांचं दुखणं बहुतेक गिअरचं आहे. उभ्या चढाला वेग ताशी ८ किलोमीटरवर आला की पुढे ३४, मागे २८ असताना पायडलचे मिनिटाला जेमतेम ५२ फेरे पडतात. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जास्त जोर. मागे सगळ्यात मोठी चकती ३४ दात्यांची असलेली कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवली तर त्याच वेगाला ६३ फेरे होतात. कॅसेट घेण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, बघा. उदाहरणार्थ, शिमानो कंपनीच्या १०५ आर७००० डिरेलरचा आखूड पिंजरा (साखळी धरणारा खालचा भाग) ३० दात्यांपर्यंतच चालतो, ३४ साठी लांब पिंजराच लागतो. मोठ्या कॅसेटला साखळीही लांब लागते. जुनीच ठेवली आणि पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या चकतीवर गिअर गेला, तर डिरेलर ताणून मोडतो. गुडघा पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बुटकी आहे का, तेही तपासा.

साखळी पडते ती गिअर उशिरा बदलल्यामुळे. पाय जोरात असताना साखळी ताठ असते, मोठी चकती सोडत नाही आणि सुटते ती झटक्याने, थेट छोटीच्याही पलीकडे. त्यात मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर असाल तर साखळी आधीच आत झुकलेली असते. म्हणून येवलेवाडी मागे पडत असतानाच, चढ अंगावर येण्याआधी, मागे मधल्या चकतीवर राहून पुढे ३४ वर या आणि तो अर्धा फेरा पाय हलका ठेवा. एवढं करूनही पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा एल स्क्रू, म्हणजे साखळी आत किती सरकू द्यायची ते ठरवणारा स्क्रू, बघा. पुढे छोटी, मागे सगळ्यात मोठी चकती असताना साखळी आणि या डिरेलरच्या पिंजऱ्याची आतली पट्टी यांत अर्धा मिलिमीटर फट हवी. स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका.

वास येतो तो ब्रेक सतत दाबून धरल्याचा. रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक घट्ट दाबा, वेग कमी करा आणि वळणात सोडून द्या. हात हँडलच्या खालच्या वाकड्या दांडीवर असले की बोटांना जोर कमी लागतो. वास आलाच तर थांबा, रिम निवू द्या. हात मात्र लावू नका.

डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे उतार तुम्हाला अंधारातच मिळणार. पुढे किमान ५०० ल्युमेनचा दिवा खाली झुकवून लावा, मागे लाल. दिव्याचा उजेड पोचतो तेवढ्या अंतरात थांबता येईल, त्याहून वेग नको. पावसाळ्यानंतर वळणांच्या कडेला बारीक खडी साचते आणि ती दिव्यात शेवटच्या क्षणी दिसते.