आमच्या तक्रार विभागात सगळे ताणाखाली आहेत. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी वर्षभराचे उपक्रम सुचवाल का?

‘उपक्रम’ या शब्दापाशीच माझं घोडं अडलं. तुम्ही लिहिलंय की विभागात आठ जण आहेत, दोघे सोडून जायच्या बेतात आहेत, आणि वरून तुम्हाला महिन्याला एक याप्रमाणे बारा उपक्रमांची यादी मागितली आहे: ध्यानाचं सत्र, व्याख्यान, समुपदेशनाची हेल्पलाइन वगैरे. यादीचं नंतर बघू. आधी रोज किती तक्रारी येतात आणि किती निकाली निघतात, ते मोजा. तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी काही धरून चालते. तुमचे खरे आकडे त्या जागी घाला.

आठ तासांच्या पाळीतून बैठका, नोंदी, जेवण आणि पाय मोकळे करायचा वेळ वजा केला की हातात सहा तास उरतात. एका तक्रारीला सरासरी २० मिनिटं लागली तर माणशी १८, आठ जणांच्या १४४. येतात समजा १७०. रोज २६ मागे पडतात. पाच दिवसांत १३०, म्हणजे जवळजवळ अख्ख्या विभागाचं एका दिवसाचं काम. आता या हिशेबात एक तासाचं ध्यानाचं सत्र घाला. तासाला माणशी तीन तक्रारी, आठ जणांच्या २४. त्या दिवशी २६ ऐवजी ५० मागे पडतील. सत्र पाळी संपल्यावर ठेवलंत, तर तो तास त्यांच्या विश्रांतीतून जाईल. ज्या विभागात काम आणि वेळ यांचं गणितच बसत नाही, तिथे चांगल्या हेतूने घेतलेला उपक्रमसुद्धा लोकांच्या डोक्यावरचा बोजा वाढवतो. ते मग ‘याची आम्हाला गरज नाही’ म्हणतात, आणि वरचे म्हणतात, ‘बघा, यांनाच काही नको असतं.’

मग त्या १७० कुठून येतात ते शोधा. लागोपाठ २०० फोन घ्या आणि प्रत्येकापुढे एकच खूण करा: नवी तक्रार, की ‘माझ्या आधीच्या तक्रारीचं काय झालं?’ असली विचारणा. तुंबलेल्या विभागात दुसऱ्या प्रकारचे फोन बरेच निघतात, कारण दिलेली मुदत टळली की लोक पुन्हा फोन करतात. समजा दिवसाला असे ४० आहेत. दुसऱ्या दिवशी आपणहून ‘तुमची तक्रार अमुक टप्प्यावर आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर मिळेल’ असा संदेश गेला, आणि ती तारीख खरी असली, तर यातले बहुतेक फोन येतच नाहीत. १७० चे जवळपास १३० होतात. एकही माणूस न वाढवता आवक क्षमतेच्या आत येते.

पण इथेच थांबू नका. १४४ च्या क्षमतेवर १३० म्हणजे ९० टक्के भार. एक जण रजेवर गेला की क्षमता १२६ वर येते आणि पुन्हा तुंबायला लागतं. म्हणूनच अशा विभागात माणसं आजारी असताना कामावर येतात आणि रजा मागताना अपराध्यासारखी वागतात. नववा माणूस घेतला, किंवा शेजारच्या विभागातला कुणी गरजेला हे काम करू शकेल असा तयार केला, तर एक जण रजेवर असतानाही आठ जणांचं बळ राहतं. हे तुमच्या यादीत पहिल्या ओळीत लिहा. ‘रजेवर गेलेल्याच्या जागी माणूस’ हा मानसिक आरोग्याचाच उपाय आहे.

दुसरी गोष्ट मुभेची. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही खरं ठरतं: कामाची मागणी मोठी आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते. फोनवर बसलेल्या माणसाला वरिष्ठांना न विचारता काय काय करता येतं, ते लिहून काढा. ठरावीक रकमेपर्यंत पैसे परत करता येतात का? मुदत वाढवून देता येते का? नसेल, तर त्याला दिवसभर दुसऱ्याच्या चुकीबद्दल शिव्या खायच्या आहेत आणि ती चूक दुरुस्त मात्र करता येत नाही.

शिव्यांचाही नियम हवा. एकदा स्पष्ट ताकीद, दुसऱ्यांदा फोन बंद, दोन ओळींची नोंद, आणि त्यानंतर दहा मिनिटं फोन नाही. ही दहा मिनिटं कामगिरीच्या मोजमापातून वगळा. नियम बहुतेकदा इथेच मरतो. कागदावर फोन तोडायची परवानगी असते, पण तोडलेला फोन ‘ग्राहक असमाधानी’ म्हणून त्याच माणसाच्या खात्यावर लागतो. दोन-तीनदा तसं झालं की कुणी तो नियम वापरत नाही, आणि वरिष्ठांना वाटतं, शिवीगाळ होतच नाही.

आता त्या जुन्या वादाबद्दल. ‘हल्लीची माणसं नाजूक झाली आहेत, आम्ही चौदा-चौदा तास काम केलं, आम्हाला काय झालं?’ हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, म्हणून उत्तर तयार ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ज्यांना झालं, ते हे वाक्य बोलायला बैठकीत नसतात. ‘बर्नआउट’चंही तेच. आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण, त्यातून येणारी स्थिती, अशी ती आहे. व्याख्येतच कामाची जागा आहे, माणसाचा स्वभाव नाही.

यंत्राचं पातं उघडं असेल तर आपण आधी पात्यावर जाळी बसवतो. कामगाराला बोटं सांभाळण्याचे धडे देऊन गप्प बसत नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक धोक्यांसाठी २०२१ मध्ये आलेलं आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानकही हाच क्रम सांगतं: धोका ओळखा, शक्य असेल तर तो काढून टाका, नाही तर कमी करा, आणि त्याच्या जोडीला माणसांना मदत द्या. तुमच्याकडे मागितलेली यादी शेवटच्या पायरीपासून सुरू होते. माझा राग आहे तो यावर.

पाहणी करायची म्हणाल तर जपून. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेची ३५ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे. कामाचा भार, ताबा, आधार, नातेसंबंध, भूमिका आणि बदल या सहा बाजू ती तपासते. पण आठ जणांच्या विभागाचा वेगळा निकाल काढू नका. त्यात वय, लिंग आणि नोकरीची वर्षं विचारलीत तर कुणी काय लिहिलं ते कुणीही ओळखेल. छोट्या गटाशी समोरासमोर बोला, आणि त्यांच्या वरिष्ठाला त्या खोलीत बसवू नका. निकाल तीन आठवड्यांत सगळ्यांना सांगा, सहा आठवड्यांत निदान एक गोष्ट बदला. तेवढी तयारी नसेल तर विचारूच नका. विचारून गप्प बसलात की पुढच्या वेळी खरं उत्तर मिळत नाही.

एक चूक मात्र कदापि करू नका: नैराश्य तपासायची वैद्यकीय प्रश्नावली निनावी पाहणीत घालू नका. अशाच एका प्रश्नावलीचा, पीएचक्यू-९ चा, नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला कुणी ‘रोज’ असं उत्तर दिलं आणि ते कुणाचं हे तुम्हाला कळलंच नाही, तर तुम्ही काय करणार?

छळाच्या तक्रारीसाठी किमान दोन दारं ठेवा, त्यातलं एक स्वतःच्या वरिष्ठाकडून न जाणारं. पोच एका दिवसात. चौकशी चालू असताना दोघांना वेगळं करायचं झालं तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला हलवा. तक्रार करणाऱ्याची बदली म्हणजे त्यालाच शिक्षा, आणि बाकीचे सहा जण ते बघत असतात. ‘एकदाच तर झालं’ हेही चालत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात एकदाच घडलेलं वर्तनही छळाच्या व्याख्येत बसतं.

मी हेल्पलाइनच्या विरोधात आहे असं समजू नका. ती जरूर घ्या. फक्त करार करताना विचारा: पहिली भेट किती दिवसांत मिळते, एका माणसाला किती भेटी मिळतात, आणि कंपनीला अहवालात नेमकं काय दिसतं. एकूण संख्येपलीकडे काहीही दिसत असेल तर लोक फोन करणार नाहीत. आणि वर लिहिलेलं सगळं कामाच्या रचनेबद्दल आहे. जे दोघे सोडून जायच्या बेतात आहेत, त्यांच्यापैकी कुणी जगण्यात राम नाही अशा अर्थाचं बोलत असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा. आजच त्याच्याशी एकट्याने बोला, जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारा. सरळ विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. तातडीच्या वैद्यकीय मदतीशी त्याची गाठ पडेपर्यंत सोबत राहा.